घर सोडताना किल्ल्या कशा द्याव्यात: हातात, टपालाने की मध्यस्थाकडे?

मी एकदा घर सोडलं तेव्हा ४ किल्ल्या घरमालकांच्या हातात ठेवल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत, खिशात टाकल्या आणि "ठीक आहे" म्हणाले. दहा दिवसांनी निरोप आला, की गच्चीच्या दाराची किल्ली दिलेली नाही, कुलूप बदलावं लागलं, तेवढे पैसे डिपॉझिटमधून कापले. गच्चीची किल्ली मला कधी मिळालीच नव्हती. पण घर घेताना किती किल्ल्या मिळाल्या याचा कागद माझ्याकडे नव्हता, आणि सोडताना किती दिल्या याचाही नव्हता. पैसे गेले.

म्हणून घरमालकाशी पटत नसेल तर आधी स्वतःला विचारा: हा माणूस उद्या नेमकं काय नाकारेल? साधारण चार गोष्टी नाकारल्या जातात. किल्ल्या मिळाल्याच नाहीत, उशिरा मिळाल्या, कमी मिळाल्या, किंवा घर चांगल्या अवस्थेत मिळालं नाही. किल्ल्या दिल्या की घराचा ताबा दिला असं सहसा धरलं जातं, त्यामुळे ताबा दिल्याची तारीख भाड्याच्या हिशेबात येते. कुठलीही एक पद्धत या चारही गोष्टींवर सारखीच भक्कम नसते. निवड तिथेच करायची आहे.

समोरासमोर द्यायच्या की टपालाने पाठवायच्या, हा पहिला पेच. समोरासमोर दिल्या आणि पोचपावतीवर सही घेतली तर पहिल्या तीन तक्रारी तिथल्या तिथे संपतात. दुसरी कोणतीच पद्धत एवढं देत नाही. पण त्याची एक अट आहे: सही मिळायला हवी. नुसतं हातात देणं हा टपालापेक्षाही कच्चा मार्ग आहे, कारण टपालाची निदान पावती तरी मिळते.

पोचपावती घरूनच लिहून न्या, दोन प्रती. मजकूर इतका पुरे: "आज दिनांक अमुक, दुपारी अमुक वाजता, अमुक पत्त्यावरील घराच्या मुख्य दाराच्या २, लोखंडी दाराची १ व टपालपेटीची १ अशा एकूण ४ किल्ल्या व घराचा रिकामा ताबा मला मिळाला." खाली दोघांची नावं, सह्या. शक्य असेल तर तिसऱ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही. किल्ल्या टेबलावर एकेक मांडा, मोठ्याने मोजा, सही झाली की मग जुडगा पुढे करा. हा क्रम उलटा झाला की सही राहून जाते. अंगात भीड असते, मला समजतं, पण ही पाच मिनिटांची भीड आहे.

इथे एक सापळा आहे. घरमालक स्वतःचा कागद पुढे करतात आणि त्यात किल्ल्यांच्या ओळीखालीच लिहिलेलं असतं, "माझे कोणतेही येणे बाकी नाही." डिपॉझिट हातात आलं नसेल तर त्यावर सही करू नका. ती ओळ खोडा, खोडलेल्या जागी दोघांची छोटी सही घ्या. नाही म्हणाले तर तुमची पावती पुढे करा, आणि तीही नाकारली तर किल्ल्या घेऊन शांतपणे परत फिरा आणि त्याच दिवशी दुसऱ्या मार्गाने पाठवा.

आवाज चढवणारा, दार अडवणारा, धमक्या देणारा माणूस असेल तर मात्र सहीच्या मोहात पडू नका. सोबत कोणी यायला तयार असेल आणि जागा चारचौघांतली असेल, तरच भेटा. नाहीतर टपालच बरं. तुमच्या जिवापुढे पावतीची किंमत शून्य आहे.

टपालात पोचल्याची नोंद मिळते, तारीख मिळते, तोंडाला तोंड द्यावं लागत नाही. माग काढता येणारी आणि सही घेऊन दिली जाणारी सेवाच घ्या. साध्या पाकिटात सुट्या किल्ल्या टाकू नका, टपालाची वर्गवारी करणाऱ्या यंत्रात कागद फाटून किल्ली बाहेर पडते. पुठ्ठ्यावर किल्ल्या चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि जाड अस्तराच्या पाकिटात घाला. किल्ल्यांवर किंवा आतल्या कागदावर सोडलेल्या घराचा पत्ता नको. पाकीट वाटेत हरवलं तर किल्ली आणि दार दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागतील. पाठवायचं ते करारनाम्यात घरमालकांचा जो पत्ता असेल तिथे. रिकाम्या झालेल्या घराच्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट तिथेच पडून राहतं.

टपालाची एक मोठी कमजोरी आहे: पाकीट पोचल्याचं सिद्ध होतं, आत काय होतं ते नाही. "रिकामं पाकीट आलं" असं म्हणणारे असतात. त्यावर उपाय दोन. किल्ल्या पुठ्ठ्यावर लावण्यापासून पाकीट खिडकीवर देईपर्यंतचा व्हिडिओ, मध्ये न थांबवता. आणि पावतीवर वजन छापून घ्या. साध्या दाराच्या किल्लीचं वजन १० ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे ४ किल्ल्या आणि पुठ्ठा असलेलं पाकीट रिकाम्या पाकिटापेक्षा उघडच जड भरतं. दुसरी गोष्ट तारखेची. पाठवल्याचा दिवस आणि मिळाल्याचा दिवस यांत जे दिवस जातात, त्यांचं भाडं घरमालक मागू शकतात. मुदत संपण्याच्या तीन-चार दिवस आधी पाठवता येईल अशा बेताने सामान हलवा.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक इथे उत्साहात चुकतात. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी बऱ्याच अंतरावरून काढलेल्या फोटोवरून किल्लीच्या दात्यांची मापं काढून दाखवली होती. त्यामुळे दात्यांचा स्पष्ट फोटो कोणालाही पाठवू नका. दात्यांवर कागद ठेवा. किल्लीचं डोकं आणि एकूण संख्या दिसली की पुरे. डोक्यावर क्रमांक कोरलेला असेल तर तोही झाका, काही किल्ल्या नुसत्या क्रमांकावरून बनवून मिळतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यात दडलेली वेळ-जागेची माहिती निघून जाते. मूळ फाइल फोनमध्ये जपा, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मध्यस्थाचं काय? एजंट आणि इमारतीचा सुरक्षारक्षक हे दोन वेगळे मार्ग आहेत, लोक त्यांना एकच समजतात. करारनाम्यात एजंटचं नाव असेल, किंवा "किल्ल्या त्यांच्याकडे द्या" असा घरमालकांचा लेखी निरोप असेल, तर एजंटला दिलेली किल्ली घरमालकाला दिल्यासारखी धरता येते. सही त्याचीही घ्या. सुरक्षारक्षकाकडे ठेवणं मला पटत नाही. "तो माझा माणूस नाही" म्हणून घरमालक हात झटकतात, आणि किल्ली हरवली तर त्या बिचाऱ्याचीच नोकरी पणाला लागते.

दाराच्या फटीतून किंवा टपालपेटीत टाकणं त्याहून कच्चं. घरमालकांनी स्वतः तसं लिहून कळवलं असेल तरच करा. मग तो निरोप हाच तुमचा पुरावा. आकडे दाबून उघडणारं कुलूप असेल तर किल्लीऐवजी तुमचा कोड काढून टाकल्याची खात्री लेखी घ्या.

डिपॉझिट मिळेपर्यंत किल्ल्या दाबून ठेवायचा विचार बहुतेकांच्या मनात येतो, माझ्याही आला होता. करू नका. ताबा तुमच्याकडेच आहे असं म्हणायला त्यांना आयतं कारण मिळतं आणि भाड्याचा आकडा चढत जातो. डिपॉझिटची मागणी वेगळ्या पत्राने करा, किल्ल्या वेगळ्या द्या. मुदत संपायच्या आधीच किल्ल्या दिल्या म्हणून उरलेलं भाडं माफ होतं, असंही धरून चालू नका.

आता निवड. माणूस तुसडा आहे पण धोकादायक नाही, तर समोरासमोर, पावतीसह. भेटायची भीती वाटते तर टपाल, व्हिडिओसह. किल्ल्या घ्यायलाच नकार देत असेल, फोन उचलत नसेल, तर वकिलाच्या पत्रासोबत टपालाने. हा खर्चिक मार्ग आहे, पण अशा वेळी "मी अमुक तारखेपासून ताबा द्यायला तयार आहे" हे कागदावर येणंच सगळ्यात मोलाचं असतं. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. आहे तसं, शेऱ्यासकट, बंद ठेवा. गरज पडली तर ते अधिकाऱ्यांसमोरच फोडलं जाईल.