वेल्सचे तीन ‘मी’: आधी कोणाचं पुस्तक उघडाल?

वेल्श लेखक डिलन थॉमसच्या एका गोष्टीत शेतावर राहणारी गरीब मावशी पीचचा डबा जपून ठेवते. एक दिवस श्रीमंत पाहुणी मोटारीतून येते. मावशी डबा पुढे करते आणि बाई सांगते, मला पीच चालत नाहीत. मावशीच्या घरी राहायला आलेला मुलगा हे सगळं बघत असतो.

वेल्श लेखकांनी सांगितलेलं आयुष्य इंग्रजीत वाचायचं असेल आणि सुरुवात कुठून करावी हे ठरत नसेल, तर या मुलाच्या जागेकडे नीट बघा. लिहिणारा स्वतःपासून किती लांब उभा राहतो, यावरच मी पुढची तीन पुस्तकं तोलली आहेत. वेल्समध्ये या अंतरात भाषाही येते. 1911 च्या जनगणनेत तिथले 43.5 टक्के लोक वेल्श बोलत होते, 2021 मध्ये 17.8 टक्के उरले. म्हणजे अनेक घरांत आजीची भाषा एक आणि नातवाच्या आठवणींची भाषा दुसरीच.

डिलनच्या घरी हे एका पिढीतच घडलं. आईवडील दोघंही वेल्श बोलणारे, पण मुलाला ती भाषा दिली नाही. उलट इंग्रजी उच्चारांची शिकवणी लावली. 1940 चं ‘पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग डॉग’ म्हणजे दहा गोष्टींचं पुस्तक, पीचची गोष्टही त्यातलीच. गाव स्वान्सी, मुलाचं नावही डिलन, तरी कथा म्हणूनच लिहिलेलं. त्यामुळे लाज, भीती, फुशारकी सगळं मोकळेपणाने येतं. खरं किती आणि रचलेलं किती, हे मात्र कळत नाही. ते कळायलाच हवं असेल, तर इथून सुरुवात करू नका.

कवी आणि धर्मगुरू आर. एस. थॉमस यांचं अगदी उलट. कविता आयुष्यभर इंग्रजीत, पण आत्मचरित्र मोठेपणी शिकलेल्या वेल्शमध्ये. 1985 च्या त्या पुस्तकाचं नाव ‘नेब’, म्हणजे ‘कोणी नाही’. आणि स्वतःला ते ‘तो’ म्हणतात. इंग्रजी भाषांतर 1997 मध्ये आलं. ‘बलुतं’मध्ये दगडू पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो, ती फोड आठवणाऱ्या मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. 1983 मध्ये नायग्रो आणि नायसर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की काही आठवणी आपण स्वतःच्या डोळ्यांतून बघतो आणि काहींत आपणच आपल्याला बाहेरून दिसतो. जुन्या आठवणींत हे बाहेरून बघणं जास्त. शिवाय आठवताना भावनेवर लक्ष दिलं, तर माणूस पुन्हा आतून बघू लागतो. ‘नेब’ बहुतेक बाहेरूनच बघतं. संयम आवडणाऱ्याने ते जरूर वाचावं. माझा मात्र मधूनमधून जीव गुदमरतो, इतका तो माणूस हाताला लागत नाही.

लॉर्ना सेजचं ‘बॅड ब्लड’ (2000) मला सगळ्यांत जवळचं. वेल्स-इंग्लंड सीमेवरच्या हॅनमर गावात तिच्या आईचे वडील व्हिकर, म्हणजे चर्चचे मुख्य धर्मगुरू, होते. आजीच्या हाती त्यांच्या 1933-34 च्या डायऱ्या लागल्या, त्यांत परस्त्रीशी असलेले संबंध टिपलेले. त्या पुराव्यावर आजी त्यांच्याकडून पैसे उकळत राहिली. पुढे त्याच डायऱ्या नातीने पुस्तकासाठी वाचल्या. आठवण दर वेळी नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी 1932 मध्येच मांडलं होतं. लॉर्नाच्या रचलेल्या आठवणीला आजोबांचं अक्षर समोरून अडवतं, आणि पुस्तकाची सगळी ताकद मला तिथेच दिसते. सोळाव्या वर्षी गरोदर राहिल्याचंही ती स्वतःला न वाचवता लिहिते, आणि तिथे ‘मी’चा ‘ती’ होत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. आर. एस. थॉमस 1940 ते 1942 याच हॅनमरच्या हद्दीत, टॅलर्न ग्रीनला, क्युरेट, म्हणजे व्हिकरच्या हाताखालचे धर्मगुरू, होते. तेव्हा व्हिकर लॉर्नाचे आजोबाच. एकाच चर्चच्या हद्दीतून इतके वेगळे दोन ‘मी’ निघाले.

स्वतःच्या आठवणी लिहायच्या म्हणून वाचणार असाल, तर आधी सेज, मग ‘नेब’. नुसत्या वाचनसुखासाठी डिलन पुरेसा आहे. सेजच्या पहिल्या वाक्यातच चर्चच्या दफनभूमीतली पाऊलवाट आहे, वाऱ्यावर फडफडणारा आजोबांचा झगा आहे आणि तो घट्ट धरून चालणारी मुलगी आहे.