"थोडी कानस मारा, बसेल" म्हणणाऱ्यापासून जपा

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, मागच्या खोलीत छोटा वुड लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) टाकलाय, लट्टू, पेनं, कुंकवाचे करंडे असलं किरकोळ काम करत असतो. वहिनींनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अकरा करंडे सांगितले आणि तिथून ही भानगड सुरू झाली.

लेथवर लाकूड पकडतो तो चक, आणि त्याचे चार पकडणारे तुकडे म्हणजे जॉ. माझ्या चकला 50 मिमीचे जॉ आहेत आणि करंड्याच्या बुडाला खुंटी ठेवतो जेमतेम 25 ची. तेवढीशी खुंटी त्यात धरलीच जात नाही, जाड ठेवली तर चांगला साग भुश्यात जातो. जॉ जवळजवळ मिटल्यावर जो गोल होतो ना, साधारण त्याच मापाची खुंटी घट्ट बसते, फार उघडले की नुसते कोपरे लाकडात रुततात. म्हणून छोटे जॉ घ्यायचे ठरवले. फोनवर जाहिरात दिसली, 25 चा सेट 2600 ला, विक्रेता म्हणाला "साहेब, चार इंचना बधा चकमां बेसी जशे", म्हणजे चार इंची सगळ्या चकना बसतील. इथंच मी येडा ठरलो. चक चार इंची असला तरी जॉच्या स्क्रूच्या भोकांचं अंतर कंपनीगणिक बदलतं, हे मला चांगलं ठाऊक होतं, पण करंड्यांची घाई. पैसे आधी यूपीआयने दिले, बिल पार्सलमध्ये येईल म्हणाला, ते काही आलं नाही.

सेट आला, भोकं दीड मिमी सरकलेली. फोन केला तर एकदम गोड आवाजात, थोडी कानस मारा, बसेल. मी मारली! तासभर गोल कानस घेऊन आठही भोकं लांबट केली.

मग बसवताना नंबरांकडे लक्ष गेलं. चारही जॉ एकाच रिंगचे कापून केलेले असतात, म्हणून त्यांच्यावर 1 ते 4 आकडे असतात आणि त्याच क्रमाने बसवायचे असतात. माझ्यातले 1, 2, 4 मशीनने बारीक कोरलेले आणि 3 मात्र हाताने पंच मारलेला, तिरका, त्याच्याखाली घासलेला 2 अजून दिसतोय. म्हणजे उरलेसुरले जॉ गोळा करून सेट बनवलेला. तीन जॉ लाकडाला टेकायचे, चौथ्याच्या फटीत पोस्टकार्ड सरकायचं. तरी मी लेथ चालू केला, का ते विचारू नका. हजाराच्या आत आरपीएम होता, करंडा सुटला तो थेट फेस शील्डवर. शील्ड नसती तर दात गेले असते.

परत पाठवतो म्हटलं तर फोटो मागितले, आणि भोकं बघून म्हणाला, तुम्ही माल छेडलाय, आता रिटर्न नाही. कानसीचं सगळं फोनवर बोललेलं, लिहून काहीच नाही. तो सल्ला त्याचसाठी होता हे मला तेव्हा कळलं. तेव्हा पैसे देण्याआधी चारही नंबर दिसतील असा फोटो आणि व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावून भोकांचं अंतर मागवा, बिल घ्या, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, आणि कानसीला तर हातच लावू नका. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, पण माझ्याकडे आहे काय, यूपीआयचा एक स्क्रीनशॉट.

संखेड्याचा एक ओळखीचा खरादी (लाकूड कातणारा कारागीर) हे ऐकून पोट धरून हसला, म्हणाला ठोकळ्यात मापाची खोबण कात आणि करंडा त्यात दाबून बसव, जॉ हवेत कशाला. जमतं तसं, पण दर करंड्याला नव्याने माप धरत बसावं लागतं. माझे तीनच झाले. उरलेले आठ वहिनींनी मांडवीतून प्लास्टिकचे आणले.