नमुना एन५२चा, लॉट एन३५चा

नमुन्याला अस्सल माल दाखवायचा आणि मोठ्या ऑर्डरला हलका खपवायचा, हा बाजारातला जुना डाव. निओडायमियम चुंबकांत तो फार सहज जमतो, कारण एन५२ (ताकदवान ग्रेड) आणि एन३५ (कमी ताकदीचा ग्रेड) यांचं माप, वजन, निकेलचा मुलामा, सगळं सारखंच. व्हर्निअर आणि तराजू इथे काही कामाचे नाहीत. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला एका घाऊक विक्रेत्याने असंच गंडवलं.

ज्या उपकरणासाठी चुंबक हवे होते ते साधं आहे. ५०×५०×२५ मिमीचे दोन चुंबक, सारखे ध्रुव समोरासमोर, थ्रीडी प्रिंट केलेल्या होल्डरमध्ये बसवलेले. चार कोपऱ्यांत आटे पाडलेले पितळी रॉड. नट फिरवले की गॅप बदलतो आणि त्याबरोबर चुंबकीय क्षेत्राचा चढउतारही. बरोबर मध्यावर क्षेत्र शून्य, दोन्ही चुंबकांकडे वाढत जाणारं. मध्ये मँगनीज क्लोराइडचं, म्हणजे चुंबकाकडे ओढलं जाणारं, द्रावण ठेवलं की प्लास्टिकचे मणी आपापल्या घनतेप्रमाणे वेगवेगळ्या उंचीवर अधांतरी थांबतात. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. विद्यार्थी हे पाहताना मोबाइल खाली ठेवतात, एवढं पुरे.

नमुन्याच्या जोडीवर, ४५ मिमी गॅपला, पॉलिस्टायरीनचा मणी (घनता १.०५) मध्याच्या वर आणि ॲक्रिलिकचा (१.१८) खाली, अगदी हिशोबाप्रमाणे थांबला. मग सगळ्या टेबलांसाठी लॉट मागवला. पैसे आगाऊ. पेटीवर ‘एन५२’चं स्टिकर, सोबत रंगीत सर्टिफिकेट.

नव्या संचांत ॲक्रिलिकचा मणी सरळ तळाला टेकला. होल्डरची मापं तपासली, द्रावण नव्याने केलं, मणी तळालाच. मण्याचं मध्यापासूनचं अंतर क्षेत्राच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. एन५२चं उर्वरित चुंबकत्व १.४५ टेस्लाच्या आसपास, एन३५चं १.२. फरक सतरा टक्क्यांचा, पण मणी जवळजवळ दीडपट लांब जातो.

खात्री हॉल सेन्सरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरने, केली. एसएस४९ई हा स्वस्त सेन्सर हजार गॉसच्या (गॉस हे क्षेत्राचं टेस्लाहून लहान एकक) आसपास संपतो, त्यापुढचं मोजत नाही, म्हणून तो चुंबकाला चिकटवून चालत नाही. या मापाच्या चुंबकापासून ५० मिमीवर, मध्यरेषेवर धरला तर एन५२ला साधारण ४६५ गॉस यायला हवेत, एन३५ला ३८५. पण सेन्सरच्या स्वतःच्या संवेदनशीलतेत याहून मोठा फरक असू शकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर कोणाला चोर ठरवता येत नाही. नमुन्याचा चुंबक जपून ठेवला होता तो इथे उपयोगी पडला. तोच सेन्सर, तेच अंतर, आधी नमुना, मग लॉट. लॉटमधला प्रत्येक चुंबक नमुन्याच्या सुमारे त्र्याऐंशी टक्के भरला. एक-दोन खराब निघाले असते तर समजू शकलो असतो.

फोनवर विक्रेता म्हणाला, “सर, तुम्ही गरम केले असतील.” साध्या एन ग्रेडला ८० अंशांपुढे चुंबकत्व कमी होण्याचा धोका असतो हे खरं. पण आमचे होल्डर पीएलए या थ्रीडी प्रिंटच्या प्लास्टिकचे, ते साठच्या आसपासच मऊ पडतात, आणि एकही वाकलेला नव्हता. हे सांगितल्यावर “ठोकले असतील” झालं, आणि त्यानंतर फोन उचलणं बंद. बिलावर फक्त ‘मॅग्नेट ५०×५०×२५’. ग्रेडचा उल्लेखच नाही, आणि सर्टिफिकेटवर ना लॉट नंबर ना आमचं नाव. तक्रार करायची तर हातात कागद काय?

म्हणून कोटेशन, ऑर्डर आणि बिल, तिन्हींवर ग्रेड लिहून घ्या. ‘६००० गॉस’ असली जाहिरात वाचून हुरळू नका. कुठे मोजलं हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. नमुना परत देऊ नका, आणि शक्य असेल तर निम्मे पैसे लॉट मोजून झाल्यावरच द्या. याला नकार देणारे भेटतात. आम्ही आता त्यांच्याकडून घेत नाही.

लॉट मात्र वाया गेला नाही. गॅप ३५ मिमीपर्यंत आणला की मणी जुन्या हिशोबाच्या जवळपास येतात. फक्त ४५ मिमी उंचीची सगळी काचपात्रं बदलावी लागली, आणि तो खर्च त्या विक्रेत्याच्या बिलात कुठेच नव्हता.