दत्तक कुत्रीसाठी घेतलेला घडीचा क्रेट: वापरल्यानंतरचं माझं मत

क्रेट, म्हणजे कुत्र्याला बसा-झोपायला घरात ठेवायचा पिंजरा, घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगते. जरूर घ्या, पण सुरुवातीचे काही आठवडे त्याला दार आहे हेच विसरून जा. आमच्या चिंगीला या वस्तूचा जो उपयोग झाला, तो उघड्या दाराने झाला.

आमचा क्रेट तारेचा, घडी होणारा आहे. एक दार समोर, एक बाजूला. तळाला ओढून काढता येणारा प्लॅस्टिकचा ट्रे आणि आतली जागा कमी-जास्त करायला एक जाळीचा डिव्हायडर. चिंगी शेल्टरमधून, म्हणजे बेघर कुत्र्यांच्या निवाऱ्यातून, आली ती पूर्ण वाढलेली, मध्यम बांध्याची. दुकानात क्रेट कुत्र्याच्या वजनावरून सुचवतात, ते मला मुळीच पटत नाही. वीस किलोचा कुत्रा उंच आणि सडपातळ असू शकतो, बुटका आणि रुंदही असू शकतो. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत टेप लावा, जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजा आणि दोन्हींत साधारण १० सेंटीमीटर मिळवा. आत नीट उभं राहता आलं, वळता आलं, पाय ताणून आडवं होता आलं की माप बरोबर.

पहिला दोष ट्रेचा, आणि भित्र्या कुत्र्यासाठी तो मोठा आहे. ट्रे खालच्या तारांवर नुसता टेकलेला असतो. चिंगीने वास घेत घेत पुढचा एक पाय आत टाकला आणि ट्रे खणकन वाजला. ती जी मागे सरकली ती थेट जेवणाच्या टेबलाखाली. कान मागे, शेपूट पोटाशी, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, झोप आलेली नसताना जांभया आणि सारखं ओठांवरून जीभ फिरवणं. ही सगळी ताणाची लक्षणं, नवीन कुत्रा आणणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावीत अशी. उपाय सोपा निघाला. ट्रे आणि तारांच्या मध्ये बाथरूममधलं रबरी पायपुसणं घातलं, वर जाड चादर चौघडी करून पसरली आणि दोन्ही दारं उघडी ठेवून सुतळीने जाळीला बांधून टाकली. हलणारं दार कुत्र्याच्या पाठीला लागलं तर आधीची मेहनत पाण्यात जाते. एवढ्या किमतीच्या वस्तूला तळाशी रबराच्या चार गुट्ट्या लावायला कंपनीला काय हरकत होती, मला खरंच कळत नाही.

दुसरी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाची, आणि ती जास्त गंभीर आहे. पहिल्या रात्रीपासून कुत्र्याला आत घालून दार लावा, भुंकला तर वरून थाप मारा, असं त्यात चक्क छापलंय. हे कृपा करून कुणी करू नका. ज्या जिवाचं घर, माणसं, वास, आवाज सगळं एका दिवसात बदललंय, त्याला रात्री जाळीत कोंडून वर धमकावायचं? अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या पशुवैद्यांच्या संस्थेने २०२१ च्या निवेदनात स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक कुत्र्याला बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीनेच शिकवावं. भीती आणि वेदना वापरणाऱ्या पद्धतींनी भित्रेपणा आणि आक्रमकपणा वाढण्याचा धोका असतो. शेल्टरवाले ३-३-३ चा ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराची घडी समजायला, तीन महिने हे आपलंच घर आहे असं वाटायला. प्रत्येक कुत्र्याचं वेळापत्रक वेगळं असतं, पण घाई करू नये हे त्यातून नेमकं कळतं.

आम्ही केलं ते असं. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे आधी क्रेटच्या बाहेर टाकले, मग उंबरठ्यावर, मग आत, मग अगदी मागच्या कोपऱ्यात. कुणीही तिला ढकललं नाही, बोलावलं नाही, पट्ट्याला धरून ओढलं नाही. जेवणाचं भांडंही रोज थोडं थोडं आत सरकत गेलं. मग एका दुपारी ती आपणहून आत जाऊन बसली, पुढचं धड आत आणि मागचे पाय बाहेर. पळून जायची सोय तिने राखून ठेवली होती. घरात कुणी बोललं नाही. मी फक्त जाता जाता एक तुकडा आत टाकून पुढे गेले. पाय आत आले ते पुढे केव्हातरी, तिच्या मर्जीने.

दार लावणं हा शेवटचा टप्पा. पोकळ रबरी खेळण्यात खाणं भरून द्यायचं, ती चाटण्यात गुंगली की दार लोटायचं आणि तिचं संपायच्या आधी उघडायचं. अडकल्याची जाणीव व्हायच्या आधी दार उघडलं पाहिजे. सेकंदांवरून मिनिटांवर यायला वेळ लागतो, तो द्यावा. कडीच्या आवाजाची वेगळी तयारी करा: दार उघडंच ठेवून कडी सरकवायची, लगेच खाऊ द्यायचा. काही दिवसांनी कडी वाजली की चिंगी माझ्या हाताकडे बघायला लागली.

रात्री क्रेट आमच्या पलंगाला लागून ठेवला. नवीन कुत्र्याला दुसऱ्या खोलीत एकटं ठेवण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. शेजारी असली की कुंईकुंई ऐकू येते आणि बाहेर न्यायचंय का ते कळतं. न्यायचं असेल तर लीश लावून, दिवा मंद ठेवून, न खेळता न बोलता जाऊन यायचं. पुढे क्रेट हळूहळू हॉलकडे सरकवला.

क्रेटमुळे कुत्रा घरात शू करायचं थांबतो, हा विक्रेत्यांचा आवडता दावा. तो अर्धाच खरा आहे. निजायची जागा कुत्रा शक्यतो घाण करत नाही, म्हणून पिल्लासाठी डिव्हायडर लावून जागा लहान ठेवतात. पण जे कुत्रे बराच काळ लहानशा जागेत बंद राहिले, जिथे झोपायचं तिथेच शू करावी लागली, त्यांची ती सवय मोडलेली असते. त्यांना आत ठेवून काही शिकवता येत नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर नेणं आणि शू झाली की तिथल्या तिथे खाऊ देणं, शिक्षण यातून होतं. घरात झालीच तर एन्झाइमचा क्लीनर वापरा. अमोनिया असलेला नको, त्याला मूत्रासारखाच वास येतो आणि कुत्रा पुन्हा तीच जागा निवडतो.

सासूबाईंचा या खरेदीला सक्त विरोध होता. "अगं, मुकं जनावर आणलंस ते पिंजऱ्यात घालायला?" त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये कुत्र्याला घरात क्रेटमध्ये बंद ठेवण्यावर कायद्यानेच कडक बंधनं आहेत. मात्र दार उघडं ठेवायचं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यावर घरातला सगळ्यात महत्त्वाचा नियम त्यांनीच केला: चिंगी आत असली की तिला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, जाळीतून बोट घालायचं नाही. माझ्या मुलापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना त्या हे बजावतात. माझ्या मते क्रेटचा खरा मोबदला इथे मिळतो. नको असेल तेव्हा उठून जायला जागा असली की कुत्र्यावर गुरगुरायची वेळच कमी येते. आणि गुरगुरला तरी रागावू नये. तो इशारा दाबून टाकला तर पुढच्या वेळी कुत्रा इशाऱ्याविना चावू शकतो.

दारावरची बेल वाजली की चिंगी भुंकत दाराकडे धावायची. आता "जागेवर" म्हटलं की क्रेटमध्ये जाऊन बसते. घरातल्याच माणसाने बेल वाजवायची, क्रेटमध्ये तुकडा पडायचा, असं शांत वेळी घोटून घेतलं. खरे पाहुणे येतात तेव्हा शिकवायला बसलं तर काही होत नाही.

आता घेण्याआधी बघायचं ते. जाळीच्या कापलेल्या टोकांवरून आतून हात फिरवा, कुठे टोचत असेल तर परत करा. कडी दोन ठिकाणी हवी, एका कडीचं दार खालून वाकतं. आत जाताना गळ्यातला पट्टा काढा, तारेत अडकून फास बसू शकतो. सोबत मिळणारं कापडी आवरण चारही बाजूंनी ओढू नका, हवा कोंडते. आमचं मी फक्त मागच्या बाजूला टाकते.

एक इशारा मात्र मनापासून. एकटं राहिलं की घाबरून लाळ गाळणारे, दारं ओरबाडणारे कुत्रे असतात. त्यांच्यासाठी बंद क्रेट घेऊच नका. जाळी चावून त्यांचे दात तुटतात, नखं उखडतात आणि भीती वाढते. अशा कुत्र्याला आधी पशुवैद्याला दाखवा, एकटं राहायची सवय अगदी काही सेकंदांपासून लावा आणि जागा आखून द्यायची असेल तर लहान मुलांसाठी लावतात तसं सुरक्षा-गेट दारात बसवा. दिवसभर सगळे बाहेर असणाऱ्या घरांनाही मी हा क्रेट सुचवणार नाही. पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, इतके तास ही कमाल मर्यादा समजतात आणि मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सलग काही तासांपेक्षा जास्त बंद ठेवू नये. तुमचं वेळापत्रक त्यात बसत नसेल तर हे पैसे दिवसा घरी येऊन कुत्र्याला फिरवून आणणाऱ्या माणसावर खर्च करा.