शिंदोळीचे चूर्ण आणि बोटावरचा रस

गेल्या ज्येष्ठात लातूर जिल्ह्यातील आमच्या आठवडी बाजारात माझ्या वडिलांची फसवणूक झाली. तिची रीत इतकी साधी आहे की ती कोणत्याही बाजारात खपून जाईल, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

वडिलांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्यांवर त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 7.4 होती. बाजारात जीपशेजारी एक माणूस शिंदीच्या फळांचे घोस मांडून बसला होता. ज्यांचे लहानपण ओढ्याकाठच्या शिंदीखाली गेले, त्यांना शिंदोळीचा संशय येणार तरी कसा? तो प्रत्येकाला दोन पिकलेल्या शिंदोळ्या देई, हातांनी सोलून चाखायला लावी आणि लगेच बोटाला सुई टोचून यंत्रावर साखर मोजी. वडिलांची 291 आली. मग त्याने ‘काढ्याच्या पाण्याने’ हात धुवायला लावले, चमचाभर चूर्ण दिले आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजले, तेव्हा आकडा 164 वर आला होता. “मामा, आता गोळ्या बंद करा, गोळ्यांनी किडन्या जातात,” असे तो म्हणाला. आकडे समोर दिसत असल्याने मलाही ते पटले आणि तीन महिन्यांच्या चूर्णाचे 5,400 रुपये मीच पावती न घेता मोजले.

सात आठवड्यांनी वडिलांच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि जखम चिघळत गेली. लातूरच्या रुग्णालयात नेले तेव्हा साखर 400 च्या पुढे होती आणि एचबीएवनसी 10.1. सुदैवाने पाय वाचला, पण जखम भरायला चार महिने लागले.

तेथील परिचारिकेने बोट टोचण्यापूर्वी वडिलांना साबणाने हात धुवून कोरडे करायला सांगितले, कारण त्यांनी नुकतेच केळे सोलले होते. त्या क्षणी बाजारातला सारा प्रकार माझ्या लक्षात आला. घरी येऊन मी स्वतःवर पडताळा घेतला: शिंदोळी सोललेल्या बोटाचा आकडा 238, तेच हात धुतल्यावर 97. यंत्र रक्ताचा एक थेंबच तपासते, त्यामुळे कातडीवरचा फळाचा रस त्या थेंबात मिसळला की तीही साखर मोजली जाते. पहिला आकडा वडिलांच्या रक्ताचा नव्हताच, आणि तो खाली आला तो हात धुतल्यामुळे.

या फळाविषयी माझ्या मनात राग नाही. शिंदी ही खजुराचीच रानटी बहीण. बी मोठी, गर पातळ, आणि त्या गरात तंतू व पोटॅशियम यांबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज याच साखरा असतात. सुक्या खजुराच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 75 ग्रॅम कर्बोदके असतात, हे लक्षात घेतले तर त्याच कुळातले गोड फळ मधुमेहाचे औषध कसे ठरेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. एखाददुसरी शिंदोळी जेवणाच्या हिशेबात धरून खाणे वेगळे आणि तिच्या भरवशावर गोळ्या सोडणे वेगळे.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. आमच्या पाकिटावर उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता, बॅच क्रमांक नव्हता, बनवणाऱ्याचा पत्ताही नव्हता. कोणी बाजारात साखर मोजून देऊ लागला, तर आधी स्वतःच्या साबणाने हात धुवा, पुसून कोरडे करा, त्याने दिलेल्या कशालाही हात लावू नका आणि मगच बोट पुढे करा.

अन्न व औषध प्रशासनाकडे मी तक्रार दिली आहे आणि दोन न फोडलेली पाकिटे जपून ठेवली आहेत. पावती नसल्याने माझी बाजू लंगडी पडते. त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत वीसएक जणांनी चूर्ण घेतले होते. त्यांपैकी कोणाकडे पावती, जीपचा क्रमांक किंवा मोबाईलवर काढलेला फोटो असेल, तर त्यांनीही तक्रार नोंदवावी, आणि अजून ते चूर्ण घेत असतील तर आजच आपल्या डॉक्टरांना भेटावे.