लाकडी होडी की फायबरची?
कोकणात नवी होडी करायची तर आज बरेच जण फायबरकडे वळतात, आणि ते पटतंही. साच्यात काचतंतूंचे थर रेझिनने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, बसवले की अख्खं अंग एकसंध निघतं. फळ्यांचे सांधेच नाहीत, मग गळणार कुठून? वजन कमी, लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भीती नाही.

लाकडी होडी भागाभागाने उभी राहते. आधी तळाचा कणा म्हणजे पठाण, त्याच्या पुढच्या टोकाला वर चढणारं लाकूड म्हणजे नाळ, मग बाकदार लाकडांचे वाक म्हणजे होडीच्या फासळ्या, त्यांवर सागाच्या फळ्या. फटींत कापूस ठासायचा, दर पावसाळ्यात होडी वर ओढून डागडुजी करायची. कटकट आहेच! पण फळी फुटली तर तेवढीच बदलता येते, आणि जड बुडामुळे लाटेवर ती कमी उसळते. गावात जाणता सुतार असेल, तर मी लाकडीच घेईन.