पीएसए वाढला: थेट बायोप्सी की आधी एमआरआय?

धंतोलीतल्या लॅबमधून काकांचा पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन; वाढलं की कर्करोगाची शंका) ५.२ आला अन् घरात धावपळ उडाली. लघवीच्या संसर्गानंही आकडा चढतो, हे कोणाच्या लक्षातच नाही!

थेट बायोप्सीत सुईनं प्रोस्टेटचे दहा-बारा बारीक तुकडे काढतात. त्यात कधी जन्मभर त्रास न देणारा, ग्लीसन ६ चा, म्हणजे सर्वात सौम्य श्रेणीचा, कर्करोगही सापडतो. मग घाबरून ऑपरेशन, लघवीवरचा ताबा जाण्याची भीती. धडधाकट माणूस उगाच रुग्ण.

आधी एमआरआय केला, तर सुई फक्त संशयाच्या जागी जाते. स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या २०२२ च्या अभ्यासात अशानं निरुपद्रवी कर्करोगाचं निदान निम्म्यावर आलं. मोजक्या महत्त्वाच्या गाठी मात्र निसटल्या. खर्चही जास्त.

तरी मी एमआरआयच्या बाजूचा. फक्त रेडिओलॉजिस्ट प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचणारा हवा, आणि त्याआधी पीएसए पुन्हा एकदा.